चार आणे किराया

माझ्यावर एका पानठेल्याची उधारी आहे. पैशांत फिटणारी असती तर ती केव्हाच फिटली असती. साकोलीच्या बसस्टँडजवळ, मुंबई-कोलकाता महामार्गाच्या कडेला तो ठेला होता. चालवणाऱ्यांना सगळे गाव काकाजी म्हणायचे. त्यांनी मला कॉमिक्स वाचायला दिली एवढेच सांगितले तर अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखे होईल. देशाच्या नावाने उभ्या राहिलेल्या कोणत्याही नायकाकडे बघताना आधी काय विचारायचे, हे मला त्यांनी शिकवले. पुढे मी चित्रकथांवर लिहू लागलो, मुलांना शिकवू लागलो. लोक ज्याला माझा अभ्यास म्हणतात, त्याच्या बुडाशी त्या ठेल्यावरचे दोन प्रश्न आहेत.

काळ ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धाचा. ठेल्याच्या एका अंगाला पान, सुपारी, खर्रा, बिडीचे कट्टे. दुसऱ्या अंगाला सुतळीवर चिमट्यांनी लटकवलेली कॉमिक्स. काकाजी मालासाठी नागपूरला गेले की सीताबर्डीच्या फुटपाथवरून जुने अंक गठ्ठ्याने उचलून आणत. चार आणे किराया. बाकावर बसूनच वाचायचे, घरी न्यायचे नाही, आणि वाचण्याआधी नळावर हात धुऊन यायचे. बहुतेक अंक हिंदी असत. आमच्याकडे त्यात कोणाला वावगे वाटत नसे. भंडारा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता, मग द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. काकाजींच्या वडिलांनी घराचा उंबरठा न बदलता तीन राज्ये पाहिली होती. आपण कोण, हे सरकारी कागदावर बदलू शकते आणि धान मात्र त्याच बांधीत रोवायचा असतो, ही जाणीव त्या घरात होती.

काकाजी स्वतः तरुणपणी दंडारीत, आमच्याकडच्या लोकनाट्यात, उभे राहत. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगावी मंडई भरते. दिवसा बाजार, पाहुणे, गोवाऱ्यांचा नाच. रात्री दंडार, खडी गंमत नाहीतर नाटक. काकाजींनी राजाही केला होता आणि राक्षसही. एकाच पेटीतला झगा आज या गावात राजाच्या अंगावर, उद्या पुढच्या गावात राक्षसाच्या अंगावर, हे त्यांनी जवळून पाहिलेले. त्यामुळे आम्ही पोट्टे चकाकत्या पोशाखांवर भाळून जायचो तेव्हा ते हसत नसत, पण भुलतही नसत. अंक परत देताना विचारायचे, "झाला वाचून? मंग सांग बाबू, यानं कोणाले वाचवलं? अन् कोणापासून?"

आधी मला हे प्रश्न शाळेतल्या तोंडी परीक्षेसारखे वाटायचे. त्यांचे वजन कळले ते आमच्या घरी वाईट वर्ष आले तेव्हा. धानावर तुडतुडा पडला, पीक हातचे गेले आणि बाबांकडे चार आणे मागायची सोय उरली नाही. मी ठेल्यावर जाणे सोडले. काकाजींनी काही दिवस वाट पाहिली आणि एका संध्याकाळी रस्त्यात गाठून म्हणाले, "किराया मंजे पैसेच रायते का? तू मोठ्यानं वाच. आमी आयकतो." त्या वर्षी मी वाचून किराया फेडला. संध्याकाळी बाकाभोवती लोक जमायचे. ट्रक उभा करून चहाला आलेले ड्रायव्हर, बिड्या वळून तालुक्याला माल पोचवायला आलेल्या बाया, नागझिऱ्याकडच्या जंगलगावांतले मजूर. मी हिंदी वाचायचो आणि अडेल तिथे आमच्या बोलीत सांगायचो. गोष्ट एकट्याने वाचताना जे दिसत नाही ते माणसांत वाचताना दिसते, हे मी तिथे अनुभवले.

एकदा वेताळ वाचत होतो. ली फॉकने १९३६ साली काढलेला हा फँटम आपल्याकडे इंद्रजाल कॉमिक्सने १९६४ साली आणला. पिढ्यानपिढ्या बापाचा मुखवटा मुलगा चढवतो, म्हणून जंगलातल्या लोकांना तो अमर वाटतो. माझ्या तोंडातून गोष्ट रंगात आली होती. एक वयस्क गोंड मजूर मध्येच म्हणाले, "जंगल त्यायचं हाय ना? मंग राखन कराले गोरा काहून?" मी गप्प झालो. अंकात याचे उत्तर नव्हते. काकाजींनी सुपारी कातरायची थांबवली आणि म्हणाले, "आता याले म्हंते वाचन."

पुढे मला कळले की त्या प्रश्नाचा थोडासा इलाज इंद्रजालवाल्यांनीही करून ठेवला होता. मूळ इंग्रजीत वेताळाचा प्रदेश बंगालच्या नावाशी मिळताजुळता आणि त्याचे हाडवैरी समुद्री चाचे ‘सिंग’ आडनावाचे. स्वतंत्र भारतात मुलांच्या हाती हे कसे द्यायचे? म्हणून प्रदेशाचे नाव डेंकाली केले आणि सिंगचे सिंगा झाले. नावे बदलली, पण जंगलाचा वाली बाहेरून आलेलाच राहिला. नव्या देशाने जुन्या मालकाची गोष्ट रंगरंगोटी करून काही काळ वापरली. त्यात मी कोणाला दोष देत नाही. माझ्या पिढीच्या हजारो मुलांसारखाच मीही त्या अंकांवर जीव टाकला आहे. पण साकोलीच्या बाकावरच्या त्या मजुराने एका वाक्यात जे ओळखले, ते विद्यापीठातल्या पुस्तकांत भेटायला मला पुढे बरीच वर्षे लागली.

आपला म्हणावा असा नायक इंद्रजालने १९७६ च्या डिसेंबरात दिला: बहादूर. लेखक आबिद सुरती, चित्रकार गोविंद ब्राह्मणिया. अंगात भगवा कुर्ता आणि खाली जीन्स. बहादूर डाकूचा मुलगा. बाप पोलिसांच्या गोळीने मेलेला. सूड घ्यायला निघालेला हा पोरगा शेवटी गावोगावच्या लोकांना जमवून नागरिक सुरक्षा दल उभे करतो. चार वर्षांपूर्वी, १९७२ साली, चंबळच्या डाकूंनी जयप्रकाश नारायण यांच्यासमोर शस्त्रे ठेवली होती. ती हवा या गोष्टीत आहे. आणि बहादूर आला तेव्हा देशात आणीबाणी होती, हेही मला विसरता येत नाही. वरून सगळे हुकूम सुटत असताना एक चित्रकथा मुलांना सांगत होती की गावाचे रक्षण गावकऱ्यांनी एकत्र येऊन करायचे. काकाजींना बहादूर फार आवडे. "हा एकटा लढत नाई," एवढेच कारण ते द्यायचे. डाकूच्या पोटी जन्मलेला पोरगा देशाचा नायक होऊ शकतो, ही गोष्ट त्यांना मनापासून पटलेली होती. कोणाचे कूळ काय यावरून कोण आपला ते ठरवायचे नाही, असा त्या ठेल्याचा कायदाच होता.

मग राज कॉमिक्सचे दिवस आले. १९८६ साली नागराज, १९८७ साली अनुपम सिन्हांचा सुपर कमांडो ध्रुव. नागराज दहशतवाद्यांना विकण्यासाठी तयार केलेले हत्यार. बाबा गोरखनाथ त्याला त्या ताब्यातून सोडवतात आणि तो जगभर दहशतवादाशी लढायला निघतो. पंजाब धुमसत होता, इंदिरा गांधींची हत्या ताजी होती. शत्रूचे नाव चंबळच्या खोऱ्यातून उठून सरहद्दीपलीकडे गेले होते. ध्रुव मात्र वेगळा. सर्कशीत वाढलेला पोरगा, अंगात कसलीही दैवी ताकद नाही. विज्ञान, हजरजबाबीपणा आणि मोटारसायकल. माझ्यासारख्या, विज्ञानाच्या तासाला पुढच्या बाकावर बसणाऱ्या पोरांना तो भावासारखा वाटे. त्याच १९८७ मध्ये पडद्यावर ‘मिस्टर इंडिया’ आला. मोगँबोला हिंदुस्थान जिंकायचा होता हे सगळ्यांना आठवते. काकाजींना आठवत होती ती त्या सिनेमातली भूक: भाड्याच्या घरातली अनाथ पोरे, आणि धान्यात खडे मिसळणाऱ्यांना खडे चावायला लावणारा न दिसणारा माणूस. "देश मंजे नकाशा नाई बाबू. देश मंजे त्या पोट्ट्यायच्या ताटातला भात." तांदळाच्या जिल्ह्यातल्या माणसाचे हे बोलणे. मी ते तेव्हा नुसते ऐकले होते. आज वर्गात सांगतो.

याच सुमारास एका पावसाळी दुपारी, ठेल्यावर गिऱ्हाईक नसताना, त्यांनी मला १९५४ सालची गोष्ट सांगितली. ती त्यांच्या वडिलांकडून आलेली. त्या वर्षी भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. मतदारसंघ दोन जागांचा, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते. बाबासाहेबांचे मतदार पक्के होते. त्यांनी एक मत बाबासाहेबांना देऊन दुसरे कोणालाच दिले नाही तर राखीव जागेचे गणित सोपे होईल, असे काही कार्यकर्त्यांचे म्हणणे होते. याला तेव्हा मते कुजवणे म्हणत. बाबासाहेबांनी नकार दिला. राज्यघटना घडवणाऱ्याने लोकांना मत वाया घालवा असे सांगायचे नाही, ही त्यांची भूमिका होती. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले आणि बाबासाहेब पडले.

काकाजी सांगताना कुठेही थांबले नाहीत, आवाजही चढवला नाही. शेवटी म्हणाले, "जिकता आलं असतं. पन जिकासाठी मत कुजवा लागत होतं." मग लटकलेल्या अंकांकडे हात करून विचारले, "यातला कोण असा हारला, सांग."

मी त्या वेळी एकही नाव सांगू शकलो नाही. सापडले ते नागपूरला, कॉलेजात.

तिथे एका ग्रंथालयात कॅप्टन अमेरिकाचा इतिहास हाती आला. पहिल्या अंकावर मार्च १९४१ छापलेले आहे; विक्रीला तो डिसेंबर १९४० मध्येच आला होता. मुखपृष्ठावर अमेरिकी झेंड्याचा पोशाख घातलेला तरुण हिटलरच्या जबड्यावर ठोसा हाणतो आहे. अमेरिका अजून युद्धात उतरलेली नव्हती. त्याचे निर्माते जो सायमन आणि जॅक कर्बी, दोघेही ज्यू घरांतले. म्हणजे झेंडा त्याच्या अंगावर होता खरा, पण तो सरकारच्या पुढे एक वर्ष चालत होता. आपल्या लोकांचे युरोपात काय होते आहे हे दोन तरुण चित्रकार देशाला ओरडून सांगत होते. काकाजींच्या दोन्ही प्रश्नांची इतकी सरळ उत्तरे मी दुसऱ्या कोणत्या मुखपृष्ठावर पाहिलेली नाहीत.

पुढे वाचत गेलो तसा थक्क झालो. युद्ध संपले, आणि पन्नासच्या दशकात हाच नायक घरोघरी कम्युनिस्ट शोधू लागला. वाचकांनी त्याला फार काळ थारा दिला नाही. १९६४ साली त्याला बर्फातून काढून पुन्हा आणले. मग १९७२ मध्ये लेखक स्टीव्ह एंगलहार्ट यांनी अशी गोष्ट रचली की पन्नासच्या दशकातला तो कम्युनिस्ट-शोध्या खरा कॅप्टन नव्हताच. त्याच पोशाखातला दुसरा, डोके फिरलेला माणूस होता. दोघे समोरासमोर उभे राहतात आणि लढतात. एका देशाने स्वतःच्या देशभक्तीच्या दोन आवृत्त्या एकमेकींसमोर उभ्या केल्या. राजा आणि राक्षस, झगा एकच. १९७४ साली, वॉटरगेटच्या दिवसांत, कारस्थानाचा सूत्रधार थेट व्हाइट हाउसमध्ये सापडतो आणि कॅप्टन ढाल खाली ठेवतो. भटक्या अशा अर्थाचे नाव घेऊन काही काळ वेगळ्या पोशाखात फिरतो. १९८० मध्ये त्याला राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहण्याचा आग्रह होतो, तेव्हा तो नाही म्हणतो.

सुट्टीत साकोलीला गेलो तेव्हा हे सगळे काकाजींना सांगितले. ढाल खाली ठेवल्याची गोष्ट त्यांनी पुन्हा सांगायला लावली. "मंजे त्याले कळलं, देश येगळा अन् खुर्ची येगळी," ते म्हणाले, आणि मला पान लावून दिले. त्या पानाचे पैसे घेतले नाहीत. माझ्या लेखी ती पदवी होती.

नव्वदच्या दशकात ठेल्यावर डोगा आला. कुत्र्याचा मुखवटा, हातात बंदुका, मुंबईच्या गल्ल्या; गुन्हेगाराला पकडून न्यायालयात नेण्यात त्याला रस नाही, तो संपवून मोकळा होतो. मुंबईतल्या दंगली आणि १९९३ चे बॉम्बस्फोट यांच्या सावलीत पोरांना तो हवाहवासा वाटला यात नवल नाही. याच दशकात तिरंगाही आला; तीन रंगांचा पोशाख, हातात ढाल. काकाजी दोन्ही किरायाने देत. डोगा परत करणाऱ्या पोराला मात्र तिसरा प्रश्न विचारत: "अन् यानं चुकीचा मानूस मारला तं?" मला वाटते, गेल्या तीस वर्षांत आपल्या सिनेमांनी आणि चित्रकथांनी विचारायला हवा होता तो हाच प्रश्न, आणि तो फार कमी वेळा विचारला गेला.

शक्तिमान सप्टेंबर १९९७ मध्ये दूरदर्शनवर सुरू झाला, तोवर मी साकोली सोडलेली होती. काकाजींची नातवंडे ठरल्या वेळी टीव्हीसमोर हलायची नाहीत. भागाच्या शेवटी मुकेश खन्ना मुलांना हात धुवा, खोटे बोलू नका असे सांगायचे, ते काकाजींना पसंत होते. "हात धुवाचं तं मी आधीपासून सांगतो," असे अभिमानाने म्हणायचे.

त्यांच्याशी माझे शेवटचे मोठे बोलणे झाले ते आयझाया ब्रॅडलीवर. २००३ साली रॉबर्ट मोरालेस आणि काइल बेकर यांनी एक मालिका केली. कॅप्टन अमेरिकाला ज्या औषधाने बळ आले, ते पुन्हा तयार करण्यासाठी सैन्याने कृष्णवर्णीय सैनिकांवर त्यांना न विचारता प्रयोग केले, अशी ती कथा. बहुतेक जण मरतात. आयझाया वाचतो, कॅप्टनचा पोशाख अंगावर चढवून शत्रूच्या मुलखात जातो, आणि परत आल्यावर त्याचा स्वतःचा देश त्याला तुरुंगात टाकतो. कथेमागे अमेरिकेतल्या टस्कीगीची खरी घटना आहे. १९३२ पासून १९७२ पर्यंत तिथे गरीब कृष्णवर्णीय रुग्णांना सिफिलिसचा इलाज मुद्दाम न देता नुसते पाहत राहिले होते.

काकाजी तेव्हा थकले होते. ठेला मुलगा चालवायचा, ते बाकावर बसलेले असायचे. गोष्ट संपली तरी बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मंजे ढाल त्याच्याबी हाती होती. नाव दुसऱ्याचंच झालं." थोड्या वेळाने विचारले, "ह्या गोष्टीत कोण कोणाले वाचवते?" मी म्हणालो, लिहिणारा वाचवतो, आयझायाला विसरण्यापासून वाचवतो. त्यांनी मान हलवली, पण पटल्यासारखी नाही. "उशीर झाला ना पन," म्हणाले. त्या उत्तरापुढे मला अजूनही जाता आलेले नाही.

काकाजी गेले त्याला आता बरीच वर्षे झाली. महामार्ग रुंद झाला, ठेले मागे सरले. जगातले नायकही बदलत राहिले. २०२१ मध्ये सुपरमॅनच्या ब्रीदवाक्यातून अमेरिकी जीवनपद्धतीचा उल्लेख काढून उद्याच्या चांगल्या दिवसांची आशा घातली गेली. १९३८ साली त्याला जन्म देणारे सीगल आणि शूस्टर स्थलांतरित ज्यू कुटुंबांतले होते. परग्रहावरून आलेले, परक्या मातीत वाढलेले पोर अमेरिकेचे झाले, ही मूळ गोष्टच मला त्या नव्या वाक्यापेक्षा जास्त खरी वाटते. २०२१ मध्येच छोट्या पडद्यावर कॅप्टन अमेरिकाची ढाल कृष्णवर्णीय सॅम विल्सनच्या हाती गेली आणि त्याच मालिकेत म्हातारा आयझायाही दिसला. केरळच्या एका खेड्यातला शिंपी ‘मिन्नल मुरली’ म्हणून त्याच वर्षी सिनेमात आला. त्याने आधी वाचवले ते आपल्या गावाला.

आणि आमच्या जिल्ह्यात? २४ जानेवारी २०२५ रोजी, प्रजासत्ताक दिनाच्या दोन दिवस आधी, जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला. त्या दिवशी आठ कामगार गेले. सैन्याला लागणारी स्फोटके तिथे तयार होतात. कामावर जाणारी माणसे डबा घेऊन निघतात, पाळीला उभी राहतात, त्यांना मुखवटा नसतो आणि त्यांच्यावर कोणी अंक काढत नाही. त्या दिवशी बातम्या पाहताना काकाजींचे दोन्ही प्रश्न माझ्या मनात उलटे झाले. ज्यांच्या हातून देशाचे रक्षण होते, त्यांना वाचवायचे कोणी? मला याचे उत्तर कोणत्याही पोशाखात मिळाले नाही. ते कारखान्याच्या भिंतीत, यंत्रात, तपासणीच्या कागदात, कामगाराच्या घरी पोचणाऱ्या मदतीत शोधावे लागते, आणि ते शोधणे ही देशभक्ती आहे असे मी मानतो.

म्हणून एका तरुण चित्रकाराबरोबर सध्या आमच्या झाडीबोलीत एक चित्रकथा करतो आहे. नायिका लाखांदूरकडची, रोवणीला जाणारी बाई. चिखलात दिवसभर वाकून धान लावते, आणि पावलांखालच्या पाण्याला काय होते आहे ते तिला आधी कळते. हीच तिची ताकद. तिच्या पदराला तिरंग्याची किनार असावी असे चित्रकाराचे म्हणणे आहे. तो ठाम आहे आणि प्रामाणिक आहे. त्याचा थोरला भाऊ सैन्यात आहे. मी त्याला नाही म्हटलेले नाही. आधी पहिली बारा पाने काढू, असे आमचे ठरले आहे. पुराच्या रात्री ती आधी कोणाच्या दारात जाते, यावर अजून आमचे भांडण चालू आहे. तो म्हणतो शाळेत, कारण तिथे पोरे अडकली आहेत. मी म्हणतो गावाबाहेरच्या वस्तीत, कारण तिथे कोणी गेलेलेच नाही. किनारीचा रंग त्यानंतर बघू.